वाचनालयाच्या टेबलावरून: निराधारचं प्रकरण

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी एक लांब लाकडी टेबल आहे. दिवाळी अंक त्यावरच मांडतो. दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेचार ते सात ते मोकळं करून तिथं लोकांचे सरकारी कागद बघतो. ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई असे आम्ही तिघं. पुस्तकांची देवघेव सांभाळून हे चालतं, म्हणून दोनच वार ठेवलेत आणि एका संध्याकाळी आठच माणसं घेतो. नवव्याला घेतलं की आठव्याचे कागद घाईत बघितले जातात, आणि घाईत बघितलेलं प्रकरण तहसीलमधून त्रुटी लागून परत येतं. तसं काही वेळा झालं, तेव्हा हा आकडा ठरला.

सगळ्यात जास्त काम निराधारच्या प्रकरणांचं. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ही शासन निर्णयातली नावं. टेबलाशी आलेली मावशी म्हणते, "पगार चालू करायचाय." पहिली योजना १९८० सालापासूनची. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा अठरा ते पासष्ट वयाच्या माणसांसाठी ती आहे. पासष्ट पूर्ण झाली की श्रावणबाळ. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये मिळतात. संजय गांधी योजनेतल्या दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, दिव्यांगांना ५०,०००. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः विधवा बाईचं प्रकरण समोर धरून, कारण त्यात जवळपास सगळ्याच अडचणी येतात.

हे काम वाचनालयात कशाला, असं कार्यकारी मंडळातही विचारून झालंय. उत्तर वेळेत आहे. सरकारी कार्यालयांचा २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकाही बंद. शेतमजूर बाईला तहसीलला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि कागद अपुरा निघाला तर दुसऱ्या दिवसाचीही. वाचनालय संध्याकाळी उघडं असतं, ती रानातून परतताना येऊ शकते. शिवाय सार्वजनिक ग्रंथालयाचा मुक्तद्वार वाचन विभाग कुणालाही फुकट खुला असतो. सभासद व्हावं लागत नाही, आत आल्यावर 'काय काम आहे' म्हणून कुणी हटकत नाही. पेपर वाचायला येणारे आजोबा महिनाभर नुसते बसतात आणि एक दिवस खिशातून घडी केलेलं पत्र काढतात.

पहिल्या दहा मिनिटांत आम्ही योजनेचं नावच काढत नाही. घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, नवरा कधी वारला, त्याचं वय काय होतं, मुलं किती आणि केवढी, एवढंच विचारतो. माणसं ऐकीव योजनेसाठी येतात आणि तेवढीच मागतात. 'लाडकी बहीण'चे पैसे थांबले म्हणून आलेली बाई दोन लहान मुलांची विधवा आई निघते. तिला दरमहा मिळू शकतील असे निराधारचे १,५०० आहेत. मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे प्रत्येकी २,२५० आहेत. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि वारलेला नवरा कमावता, अठरा ते एकोणसाठ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० आहेत. तिन्हींचं दार एकच नाही. निराधार आणि कुटुंब लाभ तहसीलमध्ये, बालसंगोपन जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. तिला या दुसऱ्या-तिसऱ्या योजनेबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी लागते. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० मिळत असतील तर 'लाडकी बहीण' मिळत नाही. दोन्ही चालू ठेवायला सांगणारे गावात भेटतात. नंतर पडताळणीत पैसे बंद होतात, तेव्हा ते भेटत नाहीत.

मग पिशवी उघडायची. बहुतेकांचे कागद कापडदुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. आधार लॅमिनेट केलेलं, रेशनकार्ड घडीवर फाटलेलं, पासबुकाच्या पहिल्या पानावरचा फोटो पुसट झालेला, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स आणि मूळ दाखला 'दिराकडे'. हे सगळं टेबलावर एका ओळीत मांडतो. फॉर्म अजून बाजूलाच असतो. फॉर्म भरायला वीस मिनिटं लागतात, तो कुणीही भरून देईल. प्रकरण अडतं ते कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून, आणि ती जुळवाजुळव कार्डांच्या तपशिलावर नजर ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला चांगली जमते. तालिकीकरण करताना, म्हणजे पुस्तकांची नोंद-कार्डं बनवताना, एकाच लेखकाची दोन नावं आम्ही पकडतो, तसंच हे.

एकाने आधार हातात घ्यायचं आणि नाव अक्षर-अक्षर वाचायचं, दुसऱ्याने बाकीच्या कागदांवर बोट ठेवून बघायचं. आधारवर 'लक्ष्मी', पासबुकावर 'लक्ष्मीबाई', रेशनकार्डावर 'लक्ष्मीबाई' पण आडनावाची वेलांटी वेगळी. नवऱ्याचं नाव आधारवर 'दत्तू', मृत्यूच्या दाखल्यात 'दत्तात्रय'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर एकाच आडनावाचे तीन प्रकार दिसतात. यातलं काय दुरुस्त करायचं आणि काय प्रतिज्ञापत्रावर भागवायचं, हे तिथंच ठरवतो. आमचा ठोकताळा असा. पैसे ज्या दोन कागदांवरून जातात ते आधार आणि बँक, त्यांत एका अक्षराचाही फरक ठेवायचा नाही. बँकेतलं नाव आधारप्रमाणे करून घ्यायचं, उलटं नाही. आधारवरचं नाव उभ्या आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. 'बाई' लावण्या-काढण्यासाठी त्यातली एक संधी खर्च करू नये. मृत्यूच्या दाखल्यातली चूक ग्रामपंचायतीत, म्हणजे जिथं मृत्यूची नोंद झाली त्या निबंधकाकडेच दुरुस्त होते. बाकीच्या कागदांवरच्या फरकासाठी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र बहुधा चालतं. एवढ्यासाठी राजपत्रात नावबदल छापून आणा असं सांगणारे असतात. नाव बदललेलंच नाही, तर राजपत्र कशाला?

प्रतिज्ञापत्रावरून स्टँपपेपरचं सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, आणि दाखल्यासाठी आलेल्या गरीब माणसाच्या खिशाला थेट पाचशेची कात्री लागायला लागली. प्रत्यक्षात जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले काढण्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. साध्या कोऱ्या कागदावर चालतं. याचा शासन आदेश छापून आम्ही फलकावर लावलाय आणि त्याच्या झेरॉक्स टेबलाच्या खणात ठेवल्यात. माणसाच्या हातात तो कागद देऊनच पाठवतो. काउंटरवर तोंडी वाद घातला की बाई हरते. कागद पुढे केला की समोरचा निदान वाचतो. शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक असतो, तो झेरॉक्समध्ये कापला जाऊ नये एवढं बघायचं.

वयाचा पुरावा हे दुसरं मोठं अडथळ्याचं ठिकाण. अनेक आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदणीच्या वेळी बाईने अंदाजे वय सांगितलं आणि यंत्राने वर्षाचा पहिला दिवस घेतला. वर्षही पाच-सात वर्षांनी चुकलेलं असतं. पासष्टीच्या आतबाहेर असलेल्या माणसाची योजनाच त्यावर ठरते. "मी शाळेत गेलेच नाही," असं म्हणणाऱ्या दहातल्या दोन-तीन जणी खोदून विचारल्यावर सांगतात की पहिली-दुसरीपर्यंत गेले होते. मग माहेरच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, नाव सापडतं. उतारा माहेरच्या नावाने मिळतो, तेव्हा सासरच्या नावाशी जोडायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र लागतं. शाळेचा काहीच आधार नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाकडून वयाचा दाखला घेता येतो. जायच्या आधी ओपीडीचा वार आणि कुठल्या खिडकीवर कागद मिळतो ते फोन करून विचारतो, कारण पंचवीस किलोमीटरचं एसटीचं भाडं वाया जाणं ही त्या घरात मोठी गोष्ट असते.

उत्पन्नाचा दाखला. इथं सगळ्यात जास्त प्रकरणं मोडतात. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कुठलंही घर चालत नाही. ही मर्यादा आजच्या मजुरीशी जुळत नाही आणि ती वाढायला हवी, हे आमचं स्पष्ट मत आहे. पण मर्यादा आहे तोवर प्रकरण तिच्यातच बसवावं लागतं. खोटा आकडा आम्ही सांगत नाही आणि लिहीतही नाही. चौकशी करायची ती तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), दाखला द्यायचा तो तहसीलदारांनी. आम्ही बघतो ती वेगळी गोष्ट: शेत कुणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का, विभक्त राहणारा मुलगा त्याच रेशनकार्डात अडकलाय का. मुलगा वेगळा राहत असला तरी रेशनकार्ड एकच असेल तर त्याची कमाई आईच्या कुटुंबात धरली जाते. अशा वेळी आधी रेशनकार्ड विभक्त करून घ्यायचं, मग उत्पन्नाचा दाखला. हा क्रम उलटा झाला की दोन-तीन महिने जातात. आणखी एक खड्डा: त्याच वर्षी नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी घरातल्या कुणीतरी साठ-सत्तर हजारांचा दाखला काढलेला असतो. तो संगणकात दिसतो आणि एकवीस हजारांच्या अर्जावर आक्षेप लागतो. म्हणून 'यंदा घरात कुणी उत्पन्नाचा दाखला काढलाय का' हा प्रश्न आमच्या कागदावर छापूनच घेतलाय. दाखल्यावर मुदतही छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. फेब्रुवारीत काढलेला दाखला प्रकरण मंजुरीच्या समितीपुढे जाईपर्यंत शिळा होतो. थांबण्यासारखं असेल तर एप्रिल उजाडू द्यावा.

उत्पन्नाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो. पंधरा दिवसांत दिला पाहिजे. नाही मिळाला किंवा नाकारला तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. त्यानंतर दुसरं अपील, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग. बेजबाबदारपणे उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. अपिलाची वेळ फार क्वचित येते. 'पंधरा दिवस कुठल्या तारखेला संपतात' हे पोचपावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं की माणूस त्या तारखेला जाऊन ठामपणे विचारतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. पोचपावतीच नसेल तर मात्र दिवस मोजायचे कुठून? म्हणून दाखल्याचा अर्ज जिथं भरतात त्या सेवा केंद्रातून पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे दोनदा सांगतो. कुठल्या दाखल्याला किती पैसे, याचा फलक केंद्रात लावणं बंधनकारक आहे. माणसाला आम्ही सांगतो, "फलकाकडे बघून पैसे द्या, काका."

आपले सरकार पोर्टलवर नागरिकाला स्वतःच्या लॉगिननेही दाखल्यासाठी अर्ज करता येतो. तो आम्ही टेबलावरच्या संगणकावर करू देतो, पण माणूस शेजारी बसलेला असतानाच. फोटो १६० बाय २०० पिक्सेलचा आणि ५ ते २० केबीचा लागतो, कागद ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो चढत नाही, आणि पोर्टल इंग्रजी-मराठी मिसळून काहीतरी चूक दाखवतं. नवखा माणूस तिथंच सोडून देतो. स्कॅनरवर २०० डीपीआय, करडा रंग ठेवला की एक पान बरोब्बर या मापात बसतं. रेशनकार्डाची दोन्ही पानं एकाच फाईलमध्ये घ्यावी लागतात, मागचं पान राहिलं तर त्रुटी नक्की. संध्याकाळी सहानंतर पोर्टल जरा बरं चालतं. जड दिवशी अर्ज निम्म्यात अडकला तर पुन्हा पैसे भरण्याआधी व्यवहाराची स्थिती तपासतो, नाहीतर एकाच अर्जाचे दोनदा पैसे कापले जातात.

ओटीपीचा प्रश्न रोजचा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर पुण्याला असलेल्या नातवाचा असतो, किंवा रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेल्या सिमचा. नातवाचा असेल तर त्याला आधी फोन लावायचा, तो कामावर असेल तर किती वाजता सुटतो ते विचारायचं, आणि मगच अर्ज उघडायचा. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची असते. सिम बंद असेल तर आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलण्याशिवाय इलाज नाही. ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये पडतात. ओटीपी माणसाने स्वतःच्या डोळ्याने वाचून स्वतःच्या हाताने टाकायचा. वाचता येत नसेल तर सोबत आलेल्याने. आम्ही कुणाचा मोबाइल हातात घेत नाही आणि आमच्यापैकी कुणाचाही नंबर कुणाच्याही अर्जात घालत नाही. सोय म्हणून एकदा आपला नंबर दिला की पुढची दहा वर्षं त्या घराचे सगळे निरोप आपल्याकडे येतात, आणि काही गडबड झाली तर संशयही.

कागदपत्रांच्या बाबतीतली शिस्तही अशीच कडक ठेवलीय. वहीत आम्ही तारीख, गाव, काम कुठलं, कमी काय होतं आणि पुन्हा कधी यायचं एवढंच लिहितो. आधार क्रमांक लिहीत नाही. झेरॉक्सची प्रत ठेवून घेत नाही. आधारची प्रत द्यायचीच असेल तिथं शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल का ते विचारून तेच देतो. दिवस संपताना संगणकाचं डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करायचं, व्हॉट्सॲप वेब बंद झालंय का बघायचं, आणि झेरॉक्स मशीनचं झाकण उचलून काचेवर कुणाचा मूळ कागद राहिला नाही ना ते बघायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मूळ मृत्यू दाखला काचेवर राहून गेला तर ती बाई आठ दिवस घरभर तो शोधते आणि स्वतःलाच बोल लावते.

सगळं जुळलं की संच लावतो. वर अर्ज, मग आधार, रेशनकार्ड, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, दोन फोटो. प्रत्येक झेरॉक्सवर बाईची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा. स्वतः साक्षांकित केलेली प्रत २०१५ पासून चालते, राजपत्रित अधिकाऱ्याची सही शोधत फिरायची गरज नाही. संच दोन करायचे. एक द्यायचा, दुसऱ्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवायचा. तहसीलमध्ये संजय गांधी योजनेची शाखा वेगळी असते, तिथल्या नायब तहसीलदारांकडे हे काम असतं. प्रकरण मंजुरीसाठी समितीपुढे ठेवलं जातं. बैठकीची तारीख ठरलेली नसते, निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक लांबते. लोकांना हे आधी सांगितलेलं बरं. 'महिन्यात होईल' असं आम्ही कधीच बोलत नाही. आम्ही दिलेला शब्द सरकारने दिलेला शब्द समजला जातो.

दोन-तीन महिने काहीच कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्रात विषय एकच आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. आम्ही तीनच गोष्टी मागतो: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही, तो कुठल्या बैठकीत ठेवला, आणि नामंजूर असेल तर कारणाची प्रत. 'का झालं नाही' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं. 'प्रत द्यावी' म्हटलं की प्रत मिळते. शब्दांचा एवढासा फरक आहे, पण त्यावर तीस दिवस अवलंबून असतात.

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं होत नाही. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. हे समजावायला सगळ्यात जास्त वेळ जातो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खात्याची ओळख पटली. पैसे कुठे पाठवायचे हे मात्र एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यावर ठरतं. गावात कुणीतरी मोबाइलवर अंगठा घेऊन दोन मिनिटांत नवीन खातं उघडून दिलेलं असतं, बाईच्या ते ध्यानातही नसतं, आणि पगार तिकडे जमा होत राहतो. ती जुन्या बँकेत पासबुक भरून भरून 'आलेच नाहीत' म्हणत परत येते. तपासणं सोपं आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय त्याची, स्थिती बघायची. तिथं बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की नाही आणि कुठल्या तारखेला झाली ते येतं. भलतीच बँक दिसली तर आधी तिथं जाऊन पैसे पडलेत का बघायचं, ते काढून घ्यायचे, आणि मग हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्यायचा. आधीच सीडिंग बदललं तर जुन्या खात्यातले पैसे लोक विसरून जातात. नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं असेल तर एकटीच्या नावाचं जनधन खातं उघडावं, शिल्लक ठेवायची अट नसते. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, तिथं पुन्हा केवायसी लागते.

कष्टाच्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. विडी वळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बायकांचे तर जवळपास गुळगुळीतच झालेले असतात. आधार केंद्रावर बोटांसोबत डोळ्यांची बुबुळंही अद्ययावत करून घ्यावीत, मग डोळ्यावर किंवा चेहऱ्यावर ओळख पटवता येते. आणि गावातल्या अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रात 'पहिला अंगठा लागला नाही, पुन्हा ठेवा' असं म्हटलं तर दुसरा अंगठा ठेवण्याआधी पहिल्याची पावती मागायची. पहिला व्यवहार झालेला असू शकतो. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून आम्ही दारावर लावलंय.

काही वेळा पगाराचं बोलता बोलता वेगळंच बाहेर येतं. मुलगा पासबुक काढून घेतो, सून जेवायला देत नाही, जावई मारतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००९ पासून त्यासाठी शिकलेली समाजसेविकाच नेमलेली आहे. आपल्याकडे तशी जागा नाही, म्हणून असं बोलणं निघालं की आम्ही टेबल सोडून आतल्या संदर्भ विभागात बसतो, ऐकून घेतो आणि योग्य माणसापर्यंत पोचवतो. सल्ला देत नाही, मध्यस्थी तर अजिबात करत नाही. मुलांकडून चरितार्थासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, दरमहा दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवून मिळू शकते. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. १५१०० हा त्यांचा नंबर. ज्येष्ठांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे चार आकडे बुकमार्कच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर छापून घेतलेत आणि घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांत घालतो. ज्या घरात बाईला उघडपणे काही विचारता येत नाही, तिथं पुस्तकातून गेलेला पुठ्ठा कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

पहिला पगार पडला की पासबुक भरून आणायला सांगतो आणि नोंदीच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून देतो, म्हणजे पुढच्या महिन्यापासून कुठली ओळ बघायची ते तिला कळतं. त्याच वेळी वहीत दुसरी तारीख लिहितो. हयातीची पडताळणी वर्षातून एकदा द्यावी लागते, आणि ती चुकली की काहीही न कळवता पैसे थांबतात. तारीख जवळ आली की त्या गावचा जो कुणी पेपर वाचायला येतो त्याच्या हाती चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर नाव नसतं, फक्त वहीतला अनुक्रमांक आणि 'बुधवारी आधार, पासबुक घेऊन या'.